आषाढातला न ऐकलेला आठवडा

यंदा आषाढ कोरडा चालला आहे. मृगात दोन सरी पडल्या, त्यानंतर आभाळ नुसतं भरून येतं आणि तसंच निघून जातं. काढून ठेवलेला कूलर आम्ही पुन्हा खिडकीत बसवला. रामटेकहून मामेभावाचा फोन आला. धानाचे पऱ्हे वाफ्यातच पिवळे पडून राहिले, रोवणी कधी होईल काही सांगता येत नाही, म्हणाला. त्याच संध्याकाळी टीव्हीवर बातमी होती की सूर्यावर मोठा स्फोट झाला आहे, त्यातून सुटलेले कण पृथ्वीकडे निघाले आहेत आणि उपग्रहांना जपावं लागेल. सांगणारी मुलगी तरुण होती, हसतमुखाने सांगत होती. मी आवाज बंद केला.

कोरडा आषाढ आणि सूर्याचं वादळ या दोन गोष्टी माझ्या आयुष्यात याआधी एकदा एकत्र आल्या होत्या. साल बहात्तर होतं. मी पंधरा वर्षांची होते.

आम्ही तेव्हा नागपुरात, सदरमध्ये राहायचो, एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. बाबा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. आई रामटेकची, धानाच्या घरातली, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलेलं. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तो सैन्यात अधिकारी झाला तेव्हा बाबांना ते फारसं आवडलं नव्हतं, पण स्टेशनवर त्याला सोडायला गेल्यावर तेच सगळ्यात शेवटी परत फिरले. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात दादाचं लग्न झालं. वहिनी बालाघाटची. नाव कुमुद. मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत जायची आणि मग स्वतःच लाजायची. सुट्टी संपली, दादा गेला, ती आमच्याकडे राहिली. डिसेंबरात लढाई झाली. लढाई संपल्यावर, सगळं शहर फटाके उडवत असताना, आमच्याकडे तार आली. पश्चिम सीमेवर एका रात्री तो आपली तुकडी घेऊन पुढे गेला होता आणि परतला नव्हता. तारेत त्याला बेपत्ता म्हटलं होतं.

बेपत्ता या शब्दाचं काय करायचं हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. मेला म्हटलं असतं तर रडता आलं असतं. पकडला गेला म्हटलं असतं तर वाट पाहता आली असती. आईने एका क्षणात वाट पाहणं निवडलं. वहिनीने आईकडे पाहिलं आणि तिनेही तेच निवडलं. बाबांनी काय निवडलं ते मला तेव्हा समजलं नाही.

जानेवारीत कुणीतरी सांगितलं की सीमेपलीकडचं रेडिओ स्टेशन संध्याकाळी आपल्या पकडलेल्या सैनिकांची नावं सांगतं, कधी त्यांचा आवाजही ऐकवतं. मी अमुक, अमुक गावचा, मी बरा आहे, आईवडिलांनी काळजी करू नये. त्या दिवसापासून आमच्या घरातली संध्याकाळ त्या स्टेशनची झाली. बाबांचा जुना, मोठा, काचेच्या वाल्व्हचा रेडिओ होता. तापायला वेळ घ्यायचा. शॉर्टवेव्हवर काटा केसभर हलला की स्टेशन निसटायचं, म्हणून काटा फक्त बाबांनीच फिरवायचा. आई देवापुढे दिवा लावून यायची आणि रेडिओसमोर पाटावर बसायची. वहिनी तिच्या मागे, भिंतीला टेकून. मी दाराशी. आधी उर्दूत बराच वेळ कुणीतरी बोलायचं, गाणी लागायची, आणि मग नावं. आईला उर्दू कुठलं यायला, पण महिन्याभरात तिला त्या बाईच्या आवाजातला श्वास ओळखता यायला लागला. नाव येण्याआधी ती बाई थोडी थांबते, हे आईनेच आम्हाला सांगितलं.

दुसऱ्यांची नावं यायची. कुठला तरी पंजाबातला मुलगा, कुठला साताऱ्याचा, कुठला मद्रासकडचा. आईला ती नावं वाया जाऊ द्यायची नव्हती. ती वहिनीकडून पोस्टकार्डं लिहून घ्यायची. पत्ता म्हणजे नाव, बापाचं नाव आणि गाव, जेवढं ऐकू आलं तेवढंच. तुमच्या मुलाचं नाव आज आम्ही रेडिओवर ऐकलं, तो सुखरूप आहे. अशी पत्रं तेव्हा देशभर लोक लिहायचे, ओळख ना पाळख. आईचा त्यामागे हिशेब सरळ होता. एखाद्या दिवशी आपला रेडिओ दगा देईल, तेव्हा दादाचं नाव दुसरं कुणीतरी ऐकेल आणि असंच कार्ड आपल्याला टाकेल.

फेब्रुवारीत एक नाव आलं, शिवदास, गाव कन्हान. कन्हान म्हणजे कामठीच्या पुढे, बसने जाण्यासारखं. आई कार्डावर थांबली नाही. दुसऱ्या दिवशी बाबांना आणि मला घेऊन ती कन्हानला गेली. कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या माणसाचं घर होतं. आईने शिवदासच्या आईला आत नेलं आणि हळू आवाजात सांगितलं. त्या बाईने आईचे दोन्ही हात धरले, आणि मग तिला आठवलं की सांगायला आलेल्या बाईचाही मुलगा आहे. तिने विचारलं, तुमचा? आई म्हणाली, त्याचं यायचं आहे. परत येताना नदीच्या पुलावर बस थांबली होती. आई खिडकीतून खाली पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. खराच आनंद, दुसऱ्याच्या मुलाचा. मी पुढे आयुष्यात पुष्कळ चांगली माणसं पाहिली, पण तो चेहरा पुन्हा पाहिला नाही.

होळीनंतर नवी नावं कमी होत गेली. तेच ते आवाज पुन्हा लागायचे. कधी कधी आठवडाभर काहीच नाही, मग एखाद्या दिवशी दोन नावं. आई म्हणायची, येऊन राहिले न हळूहळू. उन्हाळा गेला. सिमल्यात करार झाला, कैदी सुटणार असं सगळे बोलायला लागले. मृग कोरडा गेला, आषाढ लागला तरी पाऊस नाही. महाराष्ट्रभर दुष्काळ होता, आमच्याकडेही विहिरी खाली गेलेल्या. लोक रोज आभाळाकडे पाहायचे. आमच्या घरात मात्र सगळे रेडिओकडे.

आणि आषाढाच्या शेवटच्या दिवसांत रेडिओ गेला.

आधी वाटलं वाल्व्ह गेला. काटा त्याच जागी होता, पण तिथे स्टेशन नव्हतं. नुसती खरखर, मध्येच खोल विहिरीतून आल्यासारखा एखादा आवाज, आणि तोही वाहून जायचा. बाबांनी सगळा पट्टा फिरवून पाहिला. सिलोन नाही, दूरचं कुठलंच स्टेशन नाही. नागपूर केंद्र तेवढं स्वच्छ लागत होतं. बाबा उठले, खिडकीशी गेले आणि मावळणाऱ्या सूर्याकडे बघत उभे राहिले. मला म्हणाले, उद्या माझ्याबरोबर कॉलेजात चल.

बाबांच्या प्रयोगशाळेच्या मागे एक अंधारी खोली होती. तिथे त्यांनी वर्षापूर्वी काचेच्या बरणीत रेशमी धाग्याला एक लहानसं चुंबक टांगलं होतं. चुंबकाला आरशाचा तुकडा चिकटवलेला, त्यावर दिव्याची बारीक तिरीप सोडलेली, आणि ती परतून समोरच्या भिंतीवर पडायची. भिंतीवर उजेडाचा तांदळाएवढा ठिपका. एरवी तो दिवसभरात जेमतेम सरकायचा. त्या दिवशी आम्ही दार लावून आत उभे राहिलो तर ठिपका जागेवर नव्हता. तो बाजूला गेला होता आणि थरथरत होता. खोलीत वारा नव्हता, पंखा नव्हता, रस्त्यावरून गाडीही जात नव्हती. बाबा म्हणाले, हे सूर्याकडून येतंय.

त्या अंधारात त्यांनी मला पहिल्यांदा सूर्यवाऱ्याबद्दल सांगितलं. ते शास्त्र तेव्हा जवळजवळ माझ्याच वयाचं होतं, त्यांच्या स्वतःच्या शिक्षणाच्या पुस्तकांत ते नव्हतं. सूर्य नुसता उजेड देत नाही, म्हणाले, त्याचा वारा सुटलेला असतो, कायम, सगळ्या बाजूंनी. तो आपल्या हवेसारखा नाही. फुटलेल्या अणूंची, विजेने भारलेली अतिशय विरळ धूळ. ती पृथ्वीवरून, मंगळावरून, सगळ्या ग्रहांवरून पुढे जात राहते, आणि कुठे थांबते ते अजून कुणाला माहीत नाही. पृथ्वीचं चुंबकत्व आपल्याला त्या वाऱ्यापासून झाकून धरतं. पण कधी सूर्यावर मोठा स्फोट होतो. मग काही कण इतक्या वेगाने सुटतात की तासाभरात इथे येऊन पोचतात, आणि मागून वाऱ्याचा मोठा झोत येऊन पृथ्वीच्या त्या झाकणीवर आदळतो. झाकणी हलली म्हणून हा ठिपका हलतो. आणि वर, खूप उंच हवेत, जो थर आरशासारखा रेडिओचे आवाज परत खाली पाठवतो, तो विस्कटून जातो. दूरचं स्टेशन मग जमिनीवर उतरतच नाही.

बोलताना बाबांचा आवाज बदलला होता. डिसेंबरनंतर ते घरात लागेल तेवढंच बोलत होते. त्या खोलीत ते पुन्हा शिकवत होते, हात हलवत होते, ठिपक्याच्या बाजूला पेन्सिलीने खुणा करत होते. मला ते पाहून बरं वाटलं. त्यांच्या चेहऱ्यावर ज्याला आनंद म्हणावं असं काहीतरी होतं आणि ते त्यांनाही जाणवलं असावं, कारण त्यांनी एकदम दिवा विझवला.

घरी आल्यावर त्यांनी आईला समजावून सांगितलं. सांगायलाच हवं होतं, नाहीतर ती रेडिओ दुरुस्तीला पाठवून बसली असती. परातीत पाणी घेऊन, त्यात खिडकीचा उजेड पाडून, तो भिंतीवर कसा पडतो आणि पाणी हलवलं की कसा मोडतो ते दाखवलं. आई लक्ष देऊन पाहत होती. मग तिने विचारलं, हे आपल्याच गावावर आहे का. बाबा म्हणाले, नाही, सगळ्या पृथ्वीवर.

"मुंबईले बी? दिल्लीले बी?"

"सगळीकडे. जिथे जिथे माणसं ते स्टेशन ऐकत असतील, तिथे कुठेच ते लागणार नाही."

"म्हणजे या दिवसांत कोणाचं नाव सांगतलं, तर ते कोणीच ऐकलं नसन."

बाबा खरं तेच म्हणाले, "नाही. कोणीच नाही."

आई उठून स्वयंपाकाला गेली. त्या वेळी आम्हाला कळलं नाही की तिच्यात काय रुजलं. आठवड्याभरात वादळ ओसरलं, ठिपका जागेवर आला, स्टेशन परत लागायला लागलं. आणि आई एका सकाळी सहज बोलल्यासारखं बोलली की दादाचं नाव त्या आठवड्यातच सांगितलं गेलं. म्हणून आपल्याला ऐकू आलं नाही, म्हणून कुणाचं कार्डही आलं नाही. एरवी देशभरातून कुणीतरी लिहिलंच असतं. तिने ते इतक्या शांतपणे मांडलं की त्यात खोट काढायला जागा नव्हती. तिने रचलेल्या घराची प्रत्येक वीट बाबांनीच तिच्या हातात दिली होती.

श्रावण लागला. शुक्रवारी जिवतीची पूजा झाली. आईने मला ओवाळलं. मुलं परगावी असली तर आया चारी दिशांना अक्षता टाकतात. आईने चारी दिशांना टाकल्या नाहीत. मूठभर अक्षता घेऊन ती पश्चिमेच्या खिडकीशी गेली आणि सगळ्या तिकडेच टाकल्या. खाली कापडवाल्याच्या छपरावर त्या पडल्याचा बारीक आवाज आला. पाऊस असता तर तो आला नसता.

त्याच वर्षी डिसेंबरात कैदी सुटले. बाबा दादाचा फोटो घेऊन सीमेपर्यंत जाऊन आले. परतले तेव्हा त्यांची दाढी वाढलेली होती. जेवताना एवढंच म्हणाले की कैद्यांच्या गाड्यांतून उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला त्यांनी पाहिलं. आई म्हणाली, उरले असतील काही मागे.

जानेवारीत कन्हानचा शिवदास आला. आईला भेटायला, तिच्या पाया पडायला. पिशवीभर संत्री घेऊन आला होता. वाळलेला, केस बारीक कापलेले, उजव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. आईने त्याला समोर बसवून जेवू घातलं आणि मग जे विचारायचं होतं ते विचारलं. आषाढात तिकडे कोणाकोणाची नावं घेतली. त्याने घास हातात धरला आणि बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली होती. शिवदास म्हणाला, मले नीट आठवत नाही जी, त्या दिवसांत मी दवाखान्यात होतो. आईने त्याला आणखी भात वाढला.

बाबा त्याला खाली रस्त्यापर्यंत पोचवायला गेले. त्याची रिकामी पिशवी वर राहिली होती, ती द्यायला मी मागे गेले. जिन्याच्या तळाशी ते दोघं उभे होते.

"मी दवाखान्यात नव्हतो, सर," शिवदास म्हणत होता. "पावसाच्या आधीच आमाले साऱ्यांले एका छावणीत आणलं होतं. एकूण एक माणूस ओळखीचा झाला होता. होळीनंतर नाव घ्यायले कोणी आलंच नाही. जुनंच लावत होते. आषाढात तर काहीच नाही. आन तुमचे साहेब..." त्याने मान हलवली. "मी साऱ्यांले विचारलं होतं. माह्या मायनं त्याईचं नाव कळवलं होतं मले चिठ्ठीत."

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, हे वर सांगू नको गा. तो म्हणाला, म्हणून तर नाही सांगतलं. मग त्या दोघांना मी दिसले. बाबांनी मला काही बजावलं नाही. जिना चढताना फक्त माझा हात धरला, लहानपणी धरायचे तसा.

त्यानंतरची तीन वर्षं आमच्या घरात दोन घरं होती. एका घरात दादाचं नाव आषाढात वाचलं गेलं होतं आणि तो येणार होता. दुसऱ्या घरात मी आणि बाबा होतो. संध्याकाळी रेडिओ लागायचाच. त्या स्टेशनवर आता नावांचा कार्यक्रमही नव्हता, गाणी, बातम्या, भाषणं एवढंच. तरी आई पाटावर बसायची आणि बाबा काटा धरून तिच्या शेजारी. कॉलेजातून उशीर झाला तर ते धावत जिना चढायचे. मला वाटायचं, हे कसं करू शकतात. ज्याला माहीत आहे की काही येणार नाही, तो रोज इतका कान देऊन कसा ऐकतो. आज मी त्यांच्या त्या वयाच्याही पुढे आले आहे आणि आता ते मला थोडं कळतं.

वहिनीबद्दल मात्र आम्ही दोघंही कमी विचार करत होतो. ती घरात इतकी हळू वावरायची की तिचं वय विसरायला व्हायचं. ती तेवीस-चोवीस वर्षांची होती. तिने बी.एड. केलं, सदरमधल्याच एका शाळेत लागली. तिथे भूगोल शिकवणारे एक वसंतराव होते, पस्तिशीचे, एकटे. त्यांनी तिला काही न बोलता थेट बालाघाटला तिच्या वडिलांना लग्नाचं विचारलं. वडील आमच्याकडे आले. बैठकीत टोपी हातात धरून बसले आणि फार अवघडत बोलले. सरकारनेही आता गेला असं मानलं आहे, मुलीचं सगळं आयुष्य पडलं आहे, तुम्ही हो म्हटलं तरच. वहिनी आत होती. बोलणं तिला ऐकू जात होतं.

आई म्हणाली, "माहा पोरगा जिवंत असताना त्याच्या बायकोचं लगन लावू मी? त्याचं नाव सांगतलं होतं आषाढात. याईले विचारा, हेच बोलले होते." आणि तिने बाबांकडे बोट केलं.

वहिनीचे वडील निघून गेले. त्या दिवशी वहिनी जेवली नाही. ती रडलीही नाही, मी तिच्याजवळ बसले होते. ती एवढंच म्हणाली की आई म्हणतील तसं. ती खरंच तसं म्हणत होती, त्यात राग नव्हता, आणि मला तेच सहन झालं नाही. मी बाबांकडे गेले. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आधी ते म्हणाले, मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कॉलेजात गेले नाहीत. आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. बाबा तिच्यासमोर जमिनीवर बसले. मी आणि वहिनी दाराशी होतो, त्यांनी आम्हाला जा म्हटलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. शिवदास काय म्हणाला, केव्हा म्हणाला. मग म्हणाले, "त्या आठवड्यात तिकडून कोणाचंच नाव घेतलं गेलं नाही. वादळ नसतं तरी आपल्याला काही ऐकू आलं नसतं."

आईचे हात सुपात तसेच थांबले. तिने विचारलं की हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे. बाबांनी पुन्हा सांगितलं, शिवदास आला तेव्हापासून.

"म्हणजे तीन वर्षं तुम्ही माह्यासंग रेडिओ ऐकून राहिले. काहीच येणार नाही हे माहीत असून."

"हो."

"काहून?"

बाबांनी हयातभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती. या प्रश्नाला म्हणाले, "तू एकटी बसली असतीस."

आईने सूप बाजूला ठेवलं नाही. ती पुन्हा निवडायला लागली. खडे काढून ती एका बाजूला ठेवत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी तांदळात पडत होतं. बाबा उठले नाहीत. आम्ही दोघी मागच्या मागे निघालो.

चार-सहा दिवस घरात रेडिओ लागला नाही. मग एका सकाळी वहिनी शाळेला निघत असताना आईने तिला थांबवलं, तिच्या खांद्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "कुमुद वं, बापाले पत्र टाक. बोलावून घे त्याईले." वहिनी काही बोलायला गेली. आईने तिला बोलू दिलं नाही. "तुह्यासाठी तो गेला. मी सांगून राहिली, मी त्याची माय. तू आता अडकून राहू नको." मग आमच्याकडे वळून, विशेषतः बाबांकडे पाहून, तितक्याच शांतपणे म्हणाली, "माह्यासाठी तो गेला, असं मात्र मले कोणी म्हणायले लावू नका."

कुणीही तिला ते म्हणायला लावलं नाही. लग्न बालाघाटला झालं, घरच्या घरी. वहिनीची दादाबरोबरच्या लग्नातली पैठणी आईने ठेवून घेतली आणि तिला आपल्या स्वतःच्या दोन नव्या साड्या दिल्या. मंडपात एक-दोन बायका कुजबुजल्या, सासूच लगन लावून राहिली म्हणून. आईला ते ऐकू आलं असणार. ती मुलीच्या आईच्या जागी उभी होती आणि तिथून हलली नाही.

बाबा पुढे निवृत्त झाले. तोवर दूरच्या ग्रहांकडे अवकाशयानं निघाली होती, आणि सूर्याचा वारा शनीच्याही पलीकडे वाहतोच आहे असं त्यांनी कळवलं होतं. बाबा ते वर्तमानपत्रातून वाचायचे आणि मला सांगायचे. तो कुठे थांबतो हे कळायच्या आत ते गेले. आई त्यांच्या आधी दोन वर्षं गेली, पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात. आजारपणात ती फार बोलली नाही. दादाचा विषय तिने काढला नाही आणि मीही काढला नाही. बाबा तिच्या उशाशी बसून असायचे.

पण तिची आठवण येते तेव्हा मला ते दिवस दिसत नाहीत. मला एक वेगळी दुपार दिसते. ऐंशी-एक्याऐंशी साल असेल. वहिनी माहेरपणाला म्हणून आमच्याकडे आली होती, दिवाळीनंतर. बालाघाटला नाही, आधी आमच्याकडे. कडेवर वर्षाची मुलगी. वसंतराव तिला सोडून परत गेले होते. आई त्या पोरीला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होती, आणि वहिनी उन्हात बसून केस वाळवत होती, मोठ्याने हसत होती. आमच्या घरात तिला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. शेजारी नवी बिऱ्हाडकरीण आली होती. ती ओळख करून घ्यायला म्हणून दारात आली. तिला आमच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. कोण कोण आहे घरी, किती मुलं तुम्हाला, असं तिने नव्या माणसाने विचारावं तसं विचारलं.

बाबा व्हरांड्यात पेपर वाचत होते. त्यांचा पेपर खाली आला. वहिनीचं हसणं थांबलं. मी आईकडे पाहिलं.

आईने पोरीच्या अंगावरून कोमट पाण्याचा शेवटचा तांब्या ओतला, तिला पंच्यात गुंडाळलं आणि वहिनीकडे दिलं.

"तीन," ती म्हणाली. "ही माही मोठी लेक, कुमुद. ही धाकटी, शालू. आन पोराचं यायचं आहे."

बाई बरं म्हणाली आणि बसली. बाबांनी पेपर पुन्हा वर घेतला. आई तिच्यासाठी चहा टाकायला आत गेली.